पितृपक्षातली तांदळाची खीर फाटू नये, लागू नये म्हणून

तुमची अडचण नीट कळली. सासूबाईंच्या मागे यंदा पक्षाची खीर पहिल्यांदाच तुमच्याकडे आली. सरावासाठी दोनदा केलीत. एकदा गूळ पडताच दूध फाटलं, दुसऱ्यांदा साखर घातली तर कणी कच्चट राहिली आणि पातेलं खालून लागलं. नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचं नाही, मग गोडाचा अंदाज घ्यायचा कसा, हेही विचारलंत. आणि सासूबाईंची खीर गुळाचीच असायची, पण ती कधी फाटलेली घरात कुणाला आठवत नाही. या शेवटच्या वाक्यावर मी जरा थांबले, त्याबद्दल खाली लिहिते.

आधी माप. चाखता येत नाही म्हणूनच या खिरीचं माप डोळ्यांवर न सोडता पक्कं ठरवायचं. मी गेली तीसेक वर्षं हेच धरते: १ लिटर म्हशीचं दूध, ५० ग्रॅम तांदूळ, १०० ग्रॅम साखर, १ मोठा चमचा तूप, चिमूटभर मीठ. नैवेद्य धरून सहा-सात जणांच्या वाट्या भरतात. ५० ग्रॅम हातात घेतल्यावर फारच कमी वाटतात आणि आणखी एक मूठ घालायचा मोह होतो. घालू नका. एवढ्याच कणीने सगळं दूध दाटतं.

तांदूळ आंबेमोहर मिळाला तर तोच घ्या. मुळशी-मावळाकडचा खरा आंबेमोहर शिजताना घरभर वास येतो आणि दाणा दुधात विरघळल्यासारखा मऊ होतो. त्याच नावाने दुसरे बारीक तांदूळही विकतात, म्हणून घेताना मूठभर हातावर चोळून वास घ्या. आजऱ्याचा घनसाळही फार सुंदर होतो. इंद्रायणी चालतो, पण तो चिकट, म्हणून १० ग्रॅम कमी. बासमतीचा दाणा सुटा राहतो, दूध एकीकडे आणि भात एकीकडे अशी खीर होते, मला ती आवडत नाही.

तांदूळ धुऊन चाळणीत निथळा आणि पंचावर पसरून अर्धा तास सुकू द्या. मग तुपात मंद आचेवर भाजा. इथे घाई नको. आधी दाणा काचेसारखा दिसतो, मग हळूहळू दुधी पांढरा होतो, आणि कालथ्याखाली त्याचा आवाज बदलतो, कोरडा खुळखुळ वाजायला लागतो. तिथे थांबायचं. तांबूस होऊ द्यायचा नाही. गार झाला की मिक्सरवर दोनदा फिरवून जाडसर कणी करा, इडलीच्या रव्याएवढी. पीठ झालं तर खिरीची पेज होते.

आता तुमच्या कच्चट कणीबद्दल. साखर लवकर पडली. साखर पाणी स्वतःकडे ओढते, मग कणीला फुगायला पाणी उरत नाही. तिथून पुढे तासभर उकळलं तरी मधला टणकपणा जात नाही. म्हणून कणी मी आधी पाण्यातच शिजवते. एक मोठी वाटी गरम पाण्यात १५ मिनिटं भिजवायची, त्याच पाण्यात झाकण ठेवून ५ ते ७ मिनिटं शिजवायची, आणि मग त्यात तापवलेलं दूध थोडं थोडं घालत जायचं. यामुळे तळाला लागणंही बरंच कमी होतं, कारण दुधात पडते ती कणी फुगलेली असते, जड होऊन खाली बसत नाही.

दूध घातल्यावर मंद आच आणि अर्धा तास. पातेलं जाड बुडाचं घ्या आणि डाव तळाला टेकवून फिरवा, नुसता वरवर नको. कडेला साय धरते ती खरवडून आत लोटत राहा, खिरीला दाटपणा आणि चव त्या सायीनेच येते. चाखायचं नाही, पण एक कणी डावावरून काढून दोन बोटांत दाबून बघता येते. मधे काही टोचलं नाही, लोण्यासारखी पसरली, की शिजली. ती कणी परत पातेल्यात टाकायची नाही, एवढंच. आता साखर आणि मीठ. साखर पडली की खीर एकदम पातळ दिसते, तेव्हा घाबरून तांदळाचं पीठ लावायला जाऊ नका. पाच-सात मिनिटं उकळा, जमून येते.

आणि लागलीच तर? करपल्याचा वास आला की डाव बाहेर काढा, तळ खरवडू नका. वरची खीर हलक्या हाताने दुसऱ्या पातेल्यात ओता. तळ हलवला नसेल तर वास बहुतेक वेळा वरच्या खिरीत उतरत नाही.

उतरवताना ती डावावरून सहज ओघळेल इतकी पातळ ठेवा. निवल्यावर दाटतेच. पानं वाढायला दुपारचा एक वाजणार असेल तर वाटीभर गरम दूध बाजूला ठेवा. वेलची, जायफळ, चारोळी शेवटी. बेदाणे आंबट असतात, ते तुपात फुलवून गॅस बंद केल्यावरच घाला.

आता गूळ. गुळात थोडा आंबटपणा असतोच, आणि दूध उकळत असताना तेवढाही ते फाटायला पुरतो. दुधात गूळ घालायचाच असेल तर १२० ग्रॅम गूळ अर्धी वाटी पाण्यात विरघळवून, गाळून, गार करा. खीर बोट बुडवता येईल इतकी निवल्यावर तो मिसळा आणि परत गॅसवर ठेवू नका. तरीही एखाद्या गुळाने दगा दिलेला मी पाहिला आहे. माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्याच पक्षात उकळत्या खिरीत मी गूळ टाकला आणि डोळ्यांदेखत दुधाचं पाणी झालं. गुरुजी यायला तास होता. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी नारळ फोडला, मला विळीवर बसवलं आणि नारळाच्या रसात दुसरी खीर केली.

म्हणूनच तुमच्या सासूबाईंचं वाचून मी थांबले. सासर मालवणकडचं म्हणता, खीर गुळाची आणि कधी न फाटलेली. ती नारळाच्या रसातली असण्याची शक्यता मला फार वाटते. आंबटपणाने फाटणारं दुधातलं प्रथिन नारळाच्या रसात नसतं, त्यामुळे गूळ उकळत्या खिरीत घातला तरी चालतो. एका मोठ्या नारळाचा वाटीभर दाट रस आधी काढून ठेवा, मग त्याच चोथ्यात गरम पाणी घालून तीन वाट्या पातळ रस काढा. ५० ग्रॅम भाजलेली कणी पातळ रसात शिजवा, हळदीचं पान मिळालं तर गाठ मारून त्यातच सोडा. कणी मऊ झाली की १५० ग्रॅम चिरलेला गूळ आणि मीठ. दाट रस अगदी शेवटी, आणि कडेला पहिला बुडबुडा दिसताच गॅस बंद, नाहीतर तेल सुटतं.

घरात मोठ्या नणंदबाई किंवा जाऊबाई असतील तर एवढंच विचारा, पक्षाच्या आदल्या दिवशी आईंच्या पिशवीत नारळ किती यायचे? अळू आणि चटणीला लागतात त्याहून एखाद-दुसरा जास्त निघाला तर तुमची खीर हीच.