नाव पुकारलं नाही तेव्हा

न्यू जर्सीत मराठी कुटुंबांची समुपदेशक म्हणून काम करताना जून-जुलै आला की एक प्रश्न हमखास येतो. ‘बेसबॉलची टीम जिंकली, पण बक्षिसांत आमच्या मुलाचं नाव घेतलं नाही. त्याला समजवायचं कसं?’ या उन्हाळ्यात तो चौथ्यांदा ऐकला, म्हणून त्यातल्याच एका घराची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. नाव आणि तपशील बदलले आहेत.

ईशान बारा वर्षांचा. ट्रॅव्हल टीमचा, म्हणजे गावोगावच्या स्पर्धांना जाणाऱ्या टीमचा, कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे उकिडवा बसून पिचरचे चेंडू झेलणारा. आपल्या विकेटकीपरचा चुलतभाऊच म्हणा. दोन दिवसांची स्पर्धा टीमने जिंकली, सगळ्यांना अंगठ्या मिळाल्या. मग आयोजकांनी ‘ऑल-टूर्नामेंट टीम’ची, म्हणजे सगळ्या टीममधून निवडलेल्या उत्तम खेळाडूंची नावं वाचली, शेवटी एमव्हीपी, म्हणजे स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू. ईशानचं नाव कुठेच नव्हतं. अंगठी गाडीच्या सीटखाली गेली आणि दोन आठवडे तिथेच राहिली. बाबांनी आयोजकांना लांबलचक ईमेल पाठवली.

पहिल्या भेटीत बाबाच बोलत होते. “ताई, त्याचं नाव यायलाच हवं होतं.”

“यातला च काढून म्हणा बघू.”

ते चमकले. मग हळूच म्हणाले, “त्याचं नाव यायला हवं होतं.” थोडं थांबून, “असं म्हटलं की नुसतं वाईट वाटतं. मघाशी राग येत होता.”

माझी सगळी प्रॅक्टिस मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर उभी आहे. ते इंग्रजीतल्या ‘मस्ट’वर बोट ठेवत, मराठीत माझं काम एका अक्षरात होतं, हे मी जरा तोऱ्यातच सांगते. इच्छा असावी, तिचा हट्ट झाला की माणूस जळतो. वाईट वाटणं मला घालवायचं नव्हतंच. बारा वर्षांच्या मुलाला वाईट वाटू नये, असं का?

ईशान मात्र गप्प. दोन भेटी तशाच गेल्या. तिसऱ्या भेटीत मी खरं ते सांगून टाकलं, “मी क्रिकेट बघत वाढले. बेसबॉलमधलं मला ओ का ठो कळत नाही. ही नावं ठरवतं कोण, ते तरी सांग.”

आणि तो बोलायला लागला. पाच मैदानांवर एकाच वेळी सामने चालतात, सगळे कोणीच बघत नाही. फायनलनंतर कोचकडून दोन-तीन नावं मागवतात, ॲपवरचे आकडे बघतात. ते आकडे तरी कोण भरतं? बाकावर बसलेली कुणाची तरी आई. जोरात आलेला चेंडू हातातून सुटला तर तो हिट (बॅटरचं यश) की एरर (झेलणाऱ्याची चूक), हे तीच ठरवणार.

“आणि तुझ्या कामाचे आकडे?”

“नसतात, काकू. जमिनीवर आपटलेला बॉल मी छातीने अडवला तर कुणी लिहीत नाही. साधा बॉल सुटला तर मात्र पास्ड बॉल, म्हणजे माझी चूक, म्हणून लिहितात.”

कोपऱ्यात बसलेली त्याची आई पहिल्यांदाच बोलली, “स्वयंपाकासारखं. मीठ कमी पडलं तरच बोलतात.”

ईशान हसला. बाबा हसले नाहीत. ते आईकडे बघत राहिले. इतकी वर्षं हे काम करतेय, पण ते वाक्य मला सुचलं नसतं.

मग त्याने स्वतःहून इचिरो या जपानी बेसबॉलपटूचा विषय काढला. कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या यादीत, जायला पत्रकारांची ७५ टक्के मतं लागतात. २०२५ मध्ये इचिरोला ३९४ पैकी ३९३ मिळाली. मी विचारलं, “त्या एका मतामुळे त्याच्या ३,०८९ हिट्समधली एखादी कमी झाली का?” तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “नाही. पण त्या एका माणसाचं काय बिनसलं होतं कोण जाणे.” त्या दिवशी घरी जाताना अंगठी सीटखालून बाहेर आली.

पालकांना माझं सांगणं असं, की सन्मान कोणता आहे ते आधी बघा. अंगठी किंवा ट्रॉफी टीमची असते. ऑल-टूर्नामेंट आणि एमव्हीपी म्हणजे त्या शनिवार-रविवारी, त्या मैदानांवर, काही मोठ्या माणसांचं झालेलं मत. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेत गावच्या लीगने निवडलेली ऑल-स्टार टीम ही वेगळीच गोष्ट. ते नुसतं मानाचं पान नाही. ती टीम पुढे जिल्हा, राज्य असं खेळत जाते आणि फारच थोड्या टीम ऑगस्टमध्ये शेवटच्या मोठ्या स्पर्धेसाठी साउथ विल्यम्सपोर्टला पोहोचतात. तिथे निवड कशी होते, मुलं मतं देतात की कोच, हे सीझनच्या सुरुवातीलाच विचारा. निकालानंतर विचारलेला तोच प्रश्न भांडण ठरतो.

“पण पुढे कॉलेजसाठी?” हेही ठरलेलं. पहिल्या डिव्हिजनच्या, म्हणजे खेळात सर्वांत वरच्या पातळीच्या, कॉलेजचे कोच अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपर्यंत मुलाशी भरतीबद्दल बोलूही शकत नाहीत. बाराव्या वर्षीचा फलक तोवर माळ्यावर गेलेला असतो.

ईशानच्या बाबांनी एमव्हीपी मिळाला तर नवी बॅट कबूल केली होती. ते कृपा करून करू नका. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, चित्रं काढायला मनापासून आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना रिबिनीचं प्रमाणपत्र आधीच कबूल केलं गेलं. पुढे तीच मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढू लागली. बॅट घ्यायची तर जुनी मोडली म्हणून घ्या.

आणि परतीच्या गाडीत स्पर्धेचं पोस्टमॉर्टेम नको. भूक लागली का, एवढं विचारा.

ईशानने आता स्वतःची वही केली आहे. सामना आई बघते, रेघा ती मारते. मागच्या महिन्यात तिने एका पानाचा फोटो पाठवला. ईशानच्या वाकड्या अक्षरात बेरीज होती: अडवले ३१, सुटले ४. त्याखाली आईच्या अक्षरात: “सुटले ३च. एक पिचरचा होता.”

तो च मी राहू दिला.