बरोक संगीतात (साधारण १६०० ते १७५० या काळातल्या युरोपीय संगीतात) वक्तृत्वशास्त्र वापरलं जायचं म्हणतात, ते नेमकं काय? आणि नुसतं ऐकणाऱ्याला ते कळतं का?

कळतं. भाषणातल्या अलंकारांची लॅटिन नावं एकही ठाऊक नसली तरी कळतं, असं माझं ठाम मत आहे.

जर्मनीतल्या लुथरपंथी शाळांत लॅटिन, वक्तृत्व आणि गायन एकाच छपराखाली शिकवलं जाई. भाषण कसं बांधायचं, श्रोत्याचं मन कुठे हलवायचं, हे तिथल्या मुलांच्या अंगवळणी पडलेलं असे. पुढे संगीत रचतानाही तीच शिस्त कामी आली. रोस्टॉकच्या योआखिम बुर्माइस्टरने १६०६ साली सुरावटींतल्या क्लृप्त्यांना भाषणातल्या अलंकारांची नावं दिली. हांबुर्गच्या योहान माटेसनने १७३९ साली तर प्रस्तावनेपासून खंडन-समारोपापर्यंत भाषणाचा अख्खा आराखडाच संगीतरचनेला लावून दाखवला.

पण ग्रंथ राहू द्या, जर्मन संगीतकार बाखच्या 'बी मायनर मास'मधला (मास म्हणजे ख्रिस्ती उपासनेच्या लॅटिन शब्दांना दिलेलं संगीत) 'क्रुसिफिक्सुस' ऐका. ख्रिस्ताला क्रुसावर खिळल्याचा हा भाग. खर्जातली एक चार मात्राखंडांची ओळ पुन्हा पुन्हा येत राहते. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प, अशी एकही पायरी न गाळता खाली उतरणारी. शोकासाठी ही उतरण त्या काळी सर्वांच्या ओळखीची होती. इंग्रज संगीतकार पर्सेलच्या ऑपेरातली राणी डायडो मरताना गाते तेव्हाही खाली हीच चाल असते. वरती एकेक आवाज 'क्रुसिफिक्सुस' एवढंच म्हणून गप्प होतो, मग दुसरा म्हणतो.

ही ओळ १३ वेळा येते. तेराव्या खेपेला व्हायोलिन आणि फ्लूट थांबतात, गायक अगदी खालच्या पट्टीत जातात, 'पुरला गेला' हे शब्द येतात आणि इतका वेळ न बदललेला खर्ज वाट बदलून मेजरमध्ये (उजळ वाटणाऱ्या स्वरसप्तकात) विसावतो.

हे संगीत मुळात बाखनेच १७१४ साली एका कॅंटाटासाठी (चर्चमध्ये गायक-वादकांनी सादर करायच्या रचनेसाठी) लिहिलं होतं. तिथे ही ओळ १२ वेळाच येते आणि ते वळण नाही. मासमध्ये पुढचं वाक्य पुनरुत्थानाचं आहे, म्हणून त्याने शेवट नव्याने लिहिला. पुढे काय बोलायचंय ते ओळखून आधीच्या वाक्याचा शेवट ठरवणं, माझ्या मते खरं वक्तृत्व ते हेच. अलंकारांची यादी हाती घेऊन स्वरलिपीत खुणा करत बसणाऱ्यांच्या हातून नेमकं हेच निसटतं. शिवाय ती नावंसुद्धा ग्रंथागणिक बदलतात.

आधी तो कॅंटाटा ऐका ('वाइनेन, क्लागेन', बाखच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही १२), मग 'क्रुसिफिक्सुस'. आणि तो संपला की बंद करू नका. लगेच ट्रम्पेट आणि नगाऱ्यांसह पुढचा भाग सुरू होतो, तो त्याच दमात ऐका.