तीन ॲप, तीन नवाल: ध्यानाआधी गणना कोणती ते ठरवा

माया दिनदर्शिकेतला तुमचा नवाल, म्हणजे जन्मदिवसाचं चिन्ह, याबद्दलची तुमची पोस्ट वाचली. जन्म ५ जून १९९१, तीन ॲपवर तीन उत्तरं (१२ त्सी, १३ नाइट आणि ८ आहाव), आठ-नऊ महिने रोज 'आजच्या ऊर्जे'प्रमाणे ध्यान आणि डायरी, आणि आता प्रश्न असा की यातलं खरं कुठलं व डायरी फेकून द्यायची का. या घोळात माझाही बराच काळ गेलाय, म्हणून जरा लांबलचक लिहितोय. डायरी फेकू नका. का ते खाली येईलच.

सुरुवातीलाच सांगून ठेवतो, मी आहकिह नाही. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात किचे या माया लोकांमध्ये दिवसांची गणना सांभाळणारे ते आहकिह. त्यांची दीक्षा होते, गुरू असतो. मी फक्त हिशोब नीट करतो आणि मिळेल ते वाचतो. वीस नावं आणि तेरा आकडे एकत्र पुढे सरकतात आणि २६० दिवसांनी तीच जोडी परत येते, ही बाराखडी तुम्हाला येतेच, ती परत गिरवत नाही.

तुमची तिन्ही ॲप आपापल्या जागी 'बरोबर' चालताहेत, गंमत हीच आहे.

१२ त्सी ही ग्वाटेमालात आजही अखंड चालू असलेली गणना. १३ नाइट ही ड्रीमस्पेल. होसे आर्ग्वेयेस यांनी १९९०च्या सुमारास मांडलेली ही नवी पद्धत. वर्ष २६ जुलैला सुरू, २८ दिवसांचे १३ महिने, २५ जुलै हा 'काळाबाहेरचा दिवस', आणि २९ फेब्रुवारी मोजायचाच नाही. ज्याला ती भावते त्याने खुशाल करावी, माझं भांडण नाही. पण 'प्राचीन माया दिनदर्शिका' म्हणून तीच गळ्यात मारतात, तिथे माझं डोकं फिरतं. चोलकिहमध्ये, म्हणजे २६० दिवसांच्या पारंपरिक गणनेत, दिवस गाळणं हा प्रकारच नाही. आपल्याला पंचांगातल्या क्षयतिथीची आणि अधिक महिन्याची सवय, त्यामुळे 'एखादा दिवस सुटला तर काय झालं' असं वाटतं. इथे एक दिवस सुटला की पुढचे सगळे दिवस चुकीच्या नावाने हाक मारत बसायचे. २९ फेब्रुवारी २००० ला जन्मलेलं मूल पारंपरिक गणनेत सरळ ५ इमोश आहे. ड्रीमस्पेलमध्ये त्या दिवसाला क्रमांकच नाही.

तिसऱ्या ॲपचं कारण अगदीच फालतू आहे. ते अमेरिकन पद्धतीने महिना आधी धरतं. तुम्ही ५/६/१९९१ टाकलंत, त्याने ६ मे वाचलं. ६ मे १९९१ खरोखरच ८ आहाव येतो, म्हणजे किचे नावाने ८ आहपू. महिना अक्षरात निवडता येईल असंच ॲप वापरा.

आता हिशोब स्वतः करून बघा, मग कुणाला विचारत बसायची गरज नाही. खुंटी म्हणून २१ डिसेंबर २०१२ घ्या, जगबुडीच्या बोंबेमुळे सगळ्यांना पाठ असलेली तारीख. तो दिवस ४ आहपू. एक्सेलमध्ये दोन तारखांची वजाबाकी करा: ५ जून १९९१ पासून तिथपर्यंत ७८७० दिवस. ७८७० ला १३ने भागा, बाकी ५. तारीख खुंटीच्या आधीची, म्हणून ४ मधून ५ वजा, उणे १, त्यात १३ मिळवा, आले १२. मग ७८७० ला २०ने भागा, बाकी १०. आहपूपासून दहा घरं मागे या: कावोक, तिहाश, नोह, आहमाक, त्सिकिन, इश, आह, ए, बात्स, त्सी. झालं, १२ त्सी. तारीख खुंटीच्या नंतरची असेल तर बेरीज करायची आणि पुढे मोजायचं: इमोश, इक, आकाबाल, कात, कान, कामे, केह, कानिल, तोह, त्सी, आणि मग वरचीच यादी उलट वाचत बात्सपासून आहपूपर्यंत.

कुठलंही ॲप घेताना आधी त्यात २१ डिसेंबर २०१२ टाकून बघा. ४ आहपू किंवा ४ आहाव आलं तर ठीक. १२ मानिक, म्हणजे 'हॅन्ड' आलं तर ते ड्रीमस्पेल. ४ आहाव २३ डिसेंबरला दाखवत असेल तर त्यात ५८४२८५ हा जुळणी-अंक (माया गणना आपल्या तारखांशी जोडणारा आकडा) घातलाय. ५८४२८३ करा, दोन दिवसांचा फरक जाईल. दुसरी खात्री ८ बात्सची. आहकिहांच्या दीक्षेचा हा मोठा दिवस, ग्वाटेमालातल्या मोमोस्तेनांगोला त्यासाठी गर्दी लोटते. ३ मे २०२४, १८ जानेवारी २०२५, ५ ऑक्टोबर २०२५, २२ जून २०२६ या तारखांना तो यायलाच हवा.

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मात्र ॲपने नाही, हे शिकवणाऱ्या एका वर्गाने. नाव घेत नाही, पण असे वर्ग आता बरेच आहेत आणि त्यांची पीडीएफ एकमेकींवरून उतरवल्यासारखीच दिसते. चिन्ह ड्रीमस्पेलने काढायचं, अर्थ किचे परंपरेतून उचलायचा, दिवसांची नावं युकातेक या दुसऱ्या माया भाषेतून घ्यायची, आणि वर 'वंशपरंपरागत ज्ञान' असं छापायचं. याचा परिणाम बघा. आज खरा तोह, म्हणजे देणं फेडण्याचा, अर्पणाचा दिवस. पीडीएफ मात्र आजच्या पानावर आह काढून घर आणि कुटुंब यावर ध्यान करायला लावते. अर्थ अस्सल, दिवस नकली. पूर्ण चुकीचं असतं तर लवकर कळलं असतं. अर्धं बरोबर असल्यामुळे महिनोन्महिने कळत नाही. विचारलं तर छापील उत्तर येतं, की ऊर्जा जाणवते ना, मग आकड्यात अडकू नका. अहो, ही गणनाच आकड्यांची आहे! फी अर्थातच परत मिळत नाही.

नावांचा अजून एक सापळा. 'कान' युकातेकमध्ये चौथा दिवस, किचेमध्ये पाचवा. किचेतल्या चौथ्याला कात म्हणतात आणि युकातेकमधल्या पाचव्याला चिकचान. दोन याद्या मिसळल्या की इथे हमखास पाय घसरतो. एकच यादी ठेवा. मी किचे ठेवतो, कारण ती माणसं आज ती गणना जगताहेत.

तुमची डायरी. नोंदींवर इंग्रजी तारखा आहेत असं तुम्ही लिहिलंय, मग काहीच वाया गेलेलं नाही, फक्त लेबलं बदलायचीत. ड्रीमस्पेलचा क्रमांक १ मार्च २०२४ ते २८ फेब्रुवारी २०२८ या काळात ४४ने पुढे आहे. म्हणजे प्रत्येक नोंदीच्या आकड्यातून ५ वजा करा (शून्य किंवा उणे आलं तर १३ मिळवा) आणि नाव चार घरं मागे घ्या. ११ हॅन्ड (किचे यादीत केह) लिहिलं असेल तर ६ आकाबाल. मार्च २०२० ते फेब्रुवारी २०२४ च्या जुन्या नोंदी असतील तर फरक ४५चा: आकड्यातून ६, नावात पाच घरं.

पुढची वही मात्र वेगळी आखा. वीस ओळी, तेरा उभे रकाने. डावीकडे इमोशपासून आहपूपर्यंत नावं. पहिल्या ओळीत आडवे आकडे असे येतात: १, ८, २, ९, ३, १०, ४, ११, ५, १२, ६, १३, ७. मग प्रत्येक रकान्यात खाली खाली मोजत जायचं, तेरानंतर पुन्हा एक. शेवटच्या रकान्याच्या तळाला आहपूसमोर १३ आला तर आखणी बरोबर. न आला तर कुठेतरी १४ लिहिलाय.

लिहिताना दिवसाचं नाव आधी बघायचं नाही. सकाळी 'आज तिहाश, धारदार दिवस' वाचलं की संध्याकाळपर्यंत दोन भांडणं सापडतातच. रात्री एक ओळ लिहा: काय घडलं, कुठे अडलं. तेरा ओळी झाल्या की नावं भरा आणि मग अर्थ वाचा. हे कंटाळवाणं आहे. बहुतेक लोक दुसऱ्या तेरा दिवसांतच सोडतात. ज्यांना रोजचा सुविचार हवाय त्यांनी सरळ सुविचाराचं ॲप घ्यावं.

मार्गदर्शन म्हणाल तर माझं मत ठाम आहे, पटलं तर घ्या. हे दिवस 'जाणवून घेण्या'पेक्षा काहीतरी करण्याचे आहेत. तोहला राहिलेलं देणं फेडा, उसने आणलेले पन्नास रुपये का असेनात. आहमाकला माफी मागा, गेलेल्यांची आठवण काढा. कातला गुंता सोडवा, नोहला जाणत्याचा सल्ला घ्या, आकाबालला राहून गेलेला विषय काढा. आकड्यांचं सर्वसाधारण असं: लहान आकडे सौम्य, सात-आठ-नऊ समतोल, अकरापासून पुढे जड. गावागणिक आहकिह वेगळं सांगतील, तेव्हा याला दगडावरची रेघ समजू नका. आणि तिहाशला सुरीचा दिवस म्हणतात म्हणून ऑपरेशनची तारीख हलवू नका, ती डॉक्टरला ठरवू द्या.

तुमच्या १२ त्सीबद्दल. ॲपवाले 'निष्ठावान, प्रेमळ' एवढंच लिहितात, कारण दिवसाशी कुत्रा जोडलाय. त्सी हा न्यायाचा, अधिकाराचा दिवस, आणि जुन्या समजुतीत मत्सर व वासनेच्या घसरणीचाही. आकडाही जड. हे शिव्याशाप नाहीत. काम कुठे करायचंय ते दिसतं. ज्या पत्रिकेत फक्त कौतुक असतं ती विकायला काढलेली असते.

थोडं फुटकळ. ग्वाटेमालाची वेळ आपल्यापेक्षा साडेअकरा तासांनी मागे, म्हणून तिकडच्या वेळेवर चालणारी साइट आपल्याकडे सकाळी साडेअकरापर्यंत कालचाच दिवस दाखवते. मी इथली तारीख धरतो, जन्मासाठी जन्मगावची.

तिकडच्या अग्निविधीत साखरेचं वर्तुळ, कोपल (धुपासाठीचा झाडाचा डिंक), रंगीत मेणबत्त्या (पूर्वेला लाल, पश्चिमेला काळी, उत्तरेला पांढरी, दक्षिणेला पिवळी) असतात आणि वीसही नवाल एक ते तेरा मोजून आळवतात. ते फ्लॅटमध्ये करू नका. एक मेणबत्ती पुरे. 'अस्सल कोपल' म्हणून ऑनलाइन भलत्या भावाने खडे विकतात. धूपच हवा असेल तर गुग्गुळ घाला, दोन्ही एकाच कुळातल्या झाडांचे डिंक आहेत, फक्त खिडकी उघडी ठेवा. त्सीतेच्या लाल बिया मात्र मागवू नका. ते झाड आपल्या पांगाऱ्याचं भावंड, बिया दिसायला सुंदर, पण त्या मुठीने उचलून चार-चारच्या ढिगांत मांडत दिवस मोजणं हे आहकिहाचं काम आहे, आणि बिया विषारी आहेत, घरात लहान मूल असेल तर आणखीच नको.

तुम्हीही असा वर्ग लावला असेल आणि पुढच्या लेव्हलची फी भरायची राहिली असेल तर थांबा. आधी त्यांना एवढंच लिहून विचारा, २१ डिसेंबर २०१२ ला तुमच्याकडे कोणता दिवस येतो.