वेशीत सपीठ कसे विकणार?

प्रश्न असा आहे. मराठी बायबलात '२ राजे'च्या सातव्या अध्यायात अलीशा संदेष्टा सांगतो की उद्या या वेळेला शोमरोनाच्या वेशीत एका शेकेलला मापभर सपीठ आणि एका शेकेलला दोन मापे जव मिळतील. वेस म्हणजे गावाची हद्द, मग हद्दीवर धान्य कोण विकेल? इथे 'बाजारात' म्हणायला हवे होते का? आणि 'वेशीत' हे रूप तरी बरोबर आहे का?

'वेशीत'च हवे. वेस म्हणजे मुळात गावकुसातला दरवाजा. 'पूर शहराच्या वेशीवर आला' अशा बातम्यांत आपण तो शब्द सीमेच्या अर्थाने वाचतो, कारण कूस पडले, दरवाजे गेले आणि आत-बाहेर एवढीच कल्पना मागे उरली. पण सोलापुरात बाळीवेस, नगरला माळीवाडा वेस, कोल्हापुरात रंकाळावेस म्हणतात तेव्हा कोणाच्या डोळ्यांपुढे हद्दीची रेघ येत नाही. कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध विकले जाते. वेशीत विक्री होणे मराठीला नवे नाही. 'अब्रू वेशीला टांगणे' हा वाक्प्रचारही तेच सांगतो. येता-जाता सगळे गाव पाहील अशीच जागा त्यासाठी लागते, ओसाड शिवेवर टांगून काय होणार?

आता शोमरोनाकडे. इस्राएलाच्या उत्तरेकडील राज्याची ही राजधानी, ख्रिस्तपूर्व नवव्या शतकात अम्री राजाने शेमेर नावाच्या माणसाकडून टेकडी विकत घेऊन वसवलेली. आज नाबलुसजवळचे सेबास्तिया गाव तिथे आहे. त्या काळच्या इस्राएली नगरांची वेस म्हणजे नुसती कवाडे नव्हती. दान, गेजेर अशा ठिकाणी उत्खननात सापडलेल्या वेशींत दोन्ही अंगांना खोल्या आहेत, बसायला दगडी बाके आहेत. बायबलातल्या रूथीच्या गोष्टीत बवाज तिच्या सासूच्या जमिनीचा व्यवहार करतो तो वेशीत बसून, दहा वडीलधारी साक्षीला घेऊन. आमोस संदेष्टा न्याय मागतो तोही वेशीतच. खुद्द शोमरोनाच्या वेशीच्या तोंडाशी एक खळे होते. तिथे अहाब आणि यहोशाफाट हे दोन राजे सिंहासनांवर बसले आणि संदेष्टे त्यांच्यासमोर भाकीत करत होते, असे '१ राजे'त आहे. म्हणजे बाजार, चावडी आणि दरबार, तिन्ही एकाच ठिकाणी.

हे ध्यानात घेतले की अलीशाचे वाक्य किती नेमके आहे ते कळते. अरामाचा राजा बेन-हदाद वेढा घालून बसला आहे. आत गाढवाचे मुंडके ८० शेकेलला विकले जात आहे. शेकेल तेव्हा नाणे नव्हते, वजन होते, सुमारे ११ ग्रॅम. म्हणजे एका मुंडक्याला जवळजवळ ९०० ग्रॅम चांदी. एका आईने पोटचे मूल शिजवून खाल्ले, इथवर गोष्ट गेली आहे. अशा वेळी अलीशा 'देव पोट भरेल' असे मोघम बोलत नाही. तो भाव सांगतो, वेळ सांगतो आणि जागा सांगतो. तो भाव त्या काळच्या मानाने मातीमोल नव्हता, पण गाढवाच्या मुंडक्यानंतर सपीठ मिळणे म्हणजे शहर पुन्हा सुरू होणे. मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. पुढच्या काळच्या हिब्रूत वेशीसाठीचा शब्द 'शआर' जसा लिहितात, तसाच बाजारभावासाठीचा शब्दही लिहितात. दोघांचे मूळ वेगळे असावे, पण भाव फुटण्याची जागा वेसच होती, हे हिब्रू वाचकाला सांगावे लागले नसणार.

राजाचा एक सरदार यावर म्हणतो, परमेश्वराने आकाशाला खिडक्या केल्या तरी हे होईल काय? त्याची नजर वर आहे, आणि अन्न येते वेशीतून. वेशीच्या तोंडाशी, बाहेरच्या अंगाला, चार कुष्ठरोगी बसलेले असतात. इथे बसलो तरी मरायचेच, म्हणून ते संध्याकाळी अरामी छावणीत जातात, तर तंबू ओस. रथांचा आवाज ऐकून सैन्य पळालेले. ते खातात, पितात, थोडे लपवतात, मग त्यांना वाटते की हे बरे नव्हे, आज शुभवर्तमानाचा दिवस आहे. आणि ते येऊन नगराच्या 'शोएर'ला हाक मारतात.

हा शोएर 'शआर'वरून आलेला, अगदी आपल्या वेस–वेसकर सारखा. गावाकडे 'येसकर' म्हणतात तोच. वेशीची राखण ज्या महार माणसाकडे पिढ्यान्‌पिढ्या होती, त्याचे घर मात्र गावकुसाबाहेर असे. त्यामुळे वेशीबाहेरच्या माणसांनी आतल्यांना जगण्याची बातमी द्यावी, हा प्रसंग मराठी वाचकाला आणखी खोल भिडायला हवा.

'बाजारात' शब्द घातला असता तर हा धागाच तुटला असता. कुष्ठरोगी बसतात ती वेस, हाक पोचते ती वेस, सपीठ विकले जाते ती वेस, आणि राजाने ज्याला वेशीवर नेमले तो सरदार लोकांच्या लोंढ्याखाली तुडवला जातो तीही वेसच. अलीशाने त्याला सांगितलेच होते, डोळ्यांनी पाहशील, पण खायला मिळणार नाही. मराठी भाषांतरात एकच शब्द सगळीकडे ठेवावा असे मला ठामपणे वाटते. 'फाटक' म्हटले तर बंगल्याचे वाटते, 'द्वार' म्हटले तर देवळाचे.

राहिले रूप. वेस स्त्रीलिंगी. कूस–कुशीत, मूस–मुशीत, तसे वेस–वेशीत. 'वेसेत' किंवा 'वेसीत' लिहू नये. पोशाख या अर्थाचा वेश पुल्लिंगी, त्याचे 'वेशात' होते, त्यामुळे दोन्हींत घोटाळा व्हायचे कारण नाही.