डेंग्यू खरंच आहे का, कुठे बघायचं?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. मी सोसायटीचा सेक्रेटरी, रिटायर्ड आहे म्हणून सगळी कामं माझ्याच गळ्यात. आमच्या दोन बिल्डिंगमध्ये चार-पाच जणांना डेंग्यू झालाय म्हणतात. ग्रुपवर रोज फॉरवर्ड चालूच, कोणी पपईच्या पानांचा रस सांगतं, कोणी म्हणतं रोज धूर फवारणी करून घ्या, एकाने तर कुठलंसं परिपत्रक टाकलं ज्यावर तारीखच नाही. इंग्रजी वाचता येतं मला, पण नेमकं वाचू काय आणि खरं कुठलं धरू?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, "झालाय म्हणतात" इथूनच सुरुवात करू. त्या चार-पाच जणांनी रिपोर्ट दाखवले तर बघा टेस्ट कुठली आहे. दिल्लीचं कीटकजन्य आजारांचं जे राष्ट्रीय केंद्र आहे ना, एनसीव्हीबीडीसी, त्यांच्या साइटवर डेंग्यूच्या गाइडलाइन फुकट वाचायला मिळतात. त्यात स्पष्ट लिहिलंय की झटपट कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह आली तर पेशंट 'संभाव्य' धरायचा, पक्का नाही. पक्क्यासाठी एलायझा, म्हणजे लॅबमधली रक्ततपासणी लागते, तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन (विषाणूचं प्रथिन शोधणारी), त्यानंतर आयजीएम (शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेल्या अँटीबॉडी शोधणारी). आयजीएमची ती किट सरकारी सेंटरना आपल्या पुण्यातलीच एनआयव्ही, राष्ट्रीय विषाणू संस्था, पुरवते. म्हणून ग्रुपवरचे पाच आणि महापालिकेच्या यादीतले दोन असं दिसलं की लगेच "आकडे लपवतायत" म्हणून ओरडू नका, दोघं वेगवेगळं मोजत असू शकतात.

त्याच गाइडलाइनमध्ये उपचाराचा भाग आहे, तो वाचाच. ताप उतरायला लागला की लोक सुटकेचा श्वास सोडतात, पण धोका नेमका तेव्हाच असतो. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, पेशंट गळून जाणं, यातलं काहीही दिसलं की सरळ हॉस्पिटल गाठा. तापाला पॅरासिटामॉल चालतं, अ‍ॅस्पिरिन-आयब्युप्रोफेन नको. सगळा भर शरीरातल्या पाण्यावर आहे, पपईच्या रसावर नाही, कोणी प्यायला तर पिऊ द्या पण त्या भरवशावर घरी बसवू नका.

आता आवर कसा घालायचा. यासाठी मला सगळ्यात आवडतं ते अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनचं संसर्गजन्य आजारांच्या नियंत्रणाचं मॅन्युअल, शंभराहून जास्त वर्षं आवृत्त्या निघतायत त्याच्या. विकत घेऊ नका, महाग आहे, मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत बघायला मिळालं तर बघा. त्यात प्रत्येक आजाराला तेच ठरलेले मुद्दे असतात, जंतू कुठला, राहतो कुठे, पसरतो कसा, लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला किती दिवस, रोखायचा कसा. डेंग्यूला लक्षणं दिसायला साधारण 4 ते 10 दिवस लागतात, मग पेशंटला पहिलं विचारायचं की ताप यायच्या आधीच्या दहा दिवसांत दिवसभर कुठे होतात? डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, त्यामुळे डास तुमच्या सोसायटीचा नसून ऑफिसचा नाहीतर क्लासचाही असू शकतो. आणि दुसरं म्हणजे, पेशंटला चावलेला डास लगेच आजार पसरवत नाही, विषाणू त्याच्या अंगात तयार व्हायला 8 ते 12 दिवस जातात. पण डासाला विषाणू मिळतो तो मुख्यतः तापाच्या दिवसांत, म्हणून त्या दिवसांत पेशंटला मच्छरदाणीत ठेवलंत, दिवसासुद्धा, तर पुढची साखळी बरीच तुटते.

धूर फवारणीने फक्त उडणारे डास मरतात, अळ्या तशाच राहतात. फोटो काढायला छान दिसते ती. त्यापेक्षा आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, कूलर, गच्चीवरचे टायर सगळं रिकामं करा आणि आतली बाजू घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात.

आपल्या भागात काय चाललंय ते बघायचं असेल तर आयडीएसपीचे, म्हणजे साथींवर नजर ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या कार्यक्रमाचे, साप्ताहिक अहवाल वाचा. जिल्हा, आजार, पेशंट किती, मृत्यू किती, साथ कधी सुरू झाली, कळवली कधी, असे रकाने असतात. मी आधी त्या दोन तारखांमधलं अंतर बघतो, मग शेवटचा शेऱ्यांचा रकाना, नमुने घेतले का, पाण्याची तपासणी केली का ते तिथे कळतं. मात्र अहवाल उशिरा येतात, आजचं आज हवं असेल तर वॉर्डाच्या आरोग्य निरीक्षकाला फोन करा नाहीतर 104 ही आरोग्य हेल्पलाइन लावा. आणि तारीख नसलेलं ते परिपत्रक म्हणजे मागच्या सालचं रेल्वेचं टाइमटेबल, डिलीट करून टाका.

प्रश्न : मुलीला कांजिण्या झाल्यात. सासूबाई म्हणतात देवी आल्यात, आंघोळ नको. शाळेत कधी पाठवू?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, सासूबाईंशी भांडू नका, पण कोमट पाण्याने आंघोळ घाला, नखं कापा, म्हणजे खाजवून फोड चिघळणार नाहीत. पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत तिच्यापासून लागण होते. शेवटच्या फोडावर खपली धरली की पाठवा शाळेत, खपल्या पडायची वाट बघू नका. घरात धाकटं भावंड असेल, त्याला अजून कांजिण्या झाल्या नसतील आणि लसही दिली नसेल तर 21 दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. तिच्या वर्गशिक्षिका गरोदर असतील तर त्यांना आजच कळवा, आधी कांजिण्या झाल्या नसतील तर त्यांनी लगेच आपल्या डॉक्टरांना भेटायला हवं.