तर्री, मोदक आणि काळा पुठ्ठा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात स्टुडिओत पदार्थांचे फोटो काढताना मी उजेडाचा विचार कसा करते, ते लिहिलं होतं. त्यावर पुष्कळ पत्रं आली. सगळ्यांना पुरेल एवढी जागा नाही, म्हणून सहा प्रश्न निवडले आहेत. त्यातल्या चार तक्रारी तर मीही कधी ना कधी स्वतःच्या फोटोंबद्दल केलेल्या आहेत.

आमचं मिसळीचं हॉटेल आहे. मेन्यू कार्डाचे फोटो मीच काढते. दोन एलईडी आणले, कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना लावले. तरी तर्रीवर दोन पांढरे ठिपके येतात आणि लाल रंग प्लास्टिकसारखा भडक दिसतो. लाइट कमी पडतोय का?
– एक वाचक, कोल्हापूर

कमी नाही, तुमचा लाइट लहान पडतोय. तर्री म्हणजे तेलाचा थर आणि तेलाचा थर म्हणजे आरसा. तिच्यावर जी चमक दिसते ती समोरच्या दिव्याचं प्रतिबिंब असते. दिवे दोन, म्हणून ठिपके दोन. दिवे तळहाताएवढे, म्हणून ठिपके टाचणीएवढे. वाटीत पाणी घ्या, वर चमचाभर तेल सोडा आणि ती खिडकीपाशी ठेवून डोळे वाटीच्या काठाजवळ आणा. तेलावर अख्खी खिडकी दिसेल, गजांसकट. तुम्हाला तर्रीवर अशी खिडकी हवी आहे.

आता असं करा. एक दिवा बंद करून ठेवा. मिसळीची वाटी घड्याळाच्या तबकडीच्या मधोमध आहे आणि कॅमेरा सहाच्या आकड्यावर आहे, असं समजा. उरलेला दिवा दहा आणि अकराच्या मध्ये न्या, म्हणजे वाटीच्या मागे, डावीकडे. वाटी आणि दिवा यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपर ताणून बसवलेली चौकट उभी करा. दोन फूट बाय तीन फुटांची लाकडी चौकट कुठलाही सुतार करून देतो. कागद वाटीपासून दीड फुटावर आणि दिवा कागदाच्या मागे आणखी अडीच फुटांवर ठेवा. दिवा कागदाला चिकटवलात तर कागदाचा मधला गोलच उजळतो आणि पुन्हा ठिपका येतो. मागे घेतला की सगळा कागद उजळतो. आता कागद हाच तुमचा दिवा झाला.

कॅमेऱ्यातून बघत बघत दिवा कागदामागे थोडा एका बाजूला सरकवा. कागदाची एक कड उजळ आणि दुसरी मंद होईल. तर्रीवरचा पट्टाही तसाच एका टोकाला लख्ख आणि दुसऱ्या टोकाला लालात विरत गेलेला दिसेल. तेल पातळ आहे, गरम आहे, खाली रस्सा आहे, हे सगळं त्या विरण्यातूनच कळतं. पहिल्यांदा जमायला अर्धा तास लागेल, तो द्या. पुढची फरसाणाची बाजू काळवंडेल, तर उजेड परतवायला चारच्या आकड्यावर थर्माकोलचा तुकडा उभा करा. दुसरा दिवा तिथे लावू नका.

रंग भडकण्याचं कारण वेगळं आहे. कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा असा तीन रंगांचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, लावून बघा. एकूण फोटो बरा वाटत असतानाही लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटलेला सापडेल. तो चिकटला की लालातली सगळी छटा गेली, मग उरतो तो सपाट रंग. उजेड अर्धा ते पाऊण स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). दिव्याच्या खोक्यावर सीआरआय ९५ (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) लिहिलं असलं तरी आर-नाइनचा, म्हणजे गडद लालाचा, आकडाही विचारा. सीआरआयची सरासरी आठ फिकट रंगांवर काढतात, गडद लाल त्यात धरतच नाहीत. आर-नाइन कमी असेल तर तर्री विटकरी दिसते आणि मग ती सुधारायला आपण संगणकावर रंग ओढतो. आणि हॉटेलातली ट्यूबलाइट फोटो काढेपर्यंत बंद ठेवा.

ताई, मी कमर्शियल आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. एलईडी घेऊ की फ्लॅश?
– एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

एलईडी घे. सावली कुठे पडतेय ते डोळ्यांना दिसत असताना शिकणं सोपं जातं, आणि तुझं आत्ता शिकायचं वय आहे. पुढे ताक ओतताना, पुरणपोळीवर तूप पडताना धार गोठवायची असेल तेव्हा फ्लॅश लागेल. तोसुद्धा कमी पॉवरवर, कारण तेव्हा स्पीडलाइटचा (कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशचा) लखलखाट आणखी झटकन संपतो आणि धार स्वच्छ येते. तोवर एक दिवा, ट्रेसिंग पेपरची एक चौकट, दोन थर्माकोल आणि एक काळा पुठ्ठा एवढं सामान पुरेसं आहे. ट्रायपॉड मात्र मित्राकडून उसना आण, कारण एलईडीवर शटर सावकाश ठेवावं लागतं.

गणपतीत मी उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते. हाताने एकवीस कळ्या पाडते, पण फोटोत एकही दिसत नाही. दोन्ही बाजूंना थर्माकोल लावलं तरी पांढरा गोळाच येतो.
– एक वाचक, दादर

थर्माकोल लावलं तरी नाही, थर्माकोल लावलं म्हणूनच तसं होतंय. तुमचं पत्र वाचताना मला माझं पहिलं मोठं काम आठवलं. एका मासिकाच्या गणेशोत्सव अंकाचं मुखपृष्ठ होतं. आईने पहाटे उठून मोदक केले, मी ते डब्यातून स्टुडिओत नेले. पांढरा पदार्थ स्वच्छ दिसावा म्हणून डावीकडे सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडाआडचा मोठा दिवा), उजवीकडे सॉफ्टबॉक्स आणि खाली पांढरा कागद, अशी मांडणी केली. फोटो बघून आई एवढंच म्हणाली, “अगं, कळ्या कुठे गेल्या?” त्या कळ्यांसाठी ती दोन तास बसली होती. ते मुखपृष्ठ दुसऱ्याच फोटोने छापलं गेलं.

कळी म्हणजे उकडीचा एक बारीक उंचवटा. त्याची एक बाजू उजळ आणि दुसरी काळोखात असेल तरच तो डोळ्याला उंचवटा वाटतो. दोन्हीकडून सारखा उजेड ओतला की दोन्ही बाजू सारख्या होतात आणि कळी पुसली जाते. म्हणून एकच दिवा ठेवा, घड्याळाच्या नऊ आणि दहाच्या मध्ये. तो मोदकाच्या नाकाहून थोडाच उंच हवा, म्हणजे उजेड अंगावरून घासत जाईल. समोरच्या बाजूला, तीनच्या आकड्यावर, मोदकापासून चार बोटांवर काळा पुठ्ठा उभा करा. भिंतीवरून, छतावरून, तुमच्या पांढऱ्या ओढणीवरून जो उजेड परत येत होता, तो पुठ्ठा अडवतो. पुठ्ठा हळूहळू जवळ आणत मोदकाकडे बघत राहा. नाकापासून खाली एकेक कळी उघडत जाते. इतकी वर्षं झाली, तरी ते बघताना मी हातातलं काम थांबवते.

दुसरी गोष्ट, कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं सरासरी राखाडी आहे असं धरून चालतो. मोदकांनी फोटोची चौकट भरलेली असली की तो त्यांना मळकट करतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, पाऊण ते एक स्टॉप वाढवा, फक्त नाकाच्या टोकावर तपशील उरला आहे ना ते बघा. पांढऱ्या बशीऐवजी केळीचं पान घेतलंत तर कामही सोपं होईल आणि दिसायलाही ते मोदकाचंच आसन आहे.

आणि वेळ सांभाळा. मोदकपात्रातून काढल्यावर उकडीच्या अंगावर जो ओलसर तजेला असतो तो चार-पाच मिनिटांत जातो, मग ती कोरडी पडते आणि तडकते. उजेड बसवायला कणकेचा मोदकाएवढा गोळा ठेवा, त्याला चार चिमटे काढा. सगळं पक्कं झालं की गोळा उचला आणि वाफेतला मोदक त्याच जागी ठेवा. वाफही फोटोत हवी असेल तर मागची पार्श्वभूमी गडद ठेवा, म्हणजे मागून येणारा उजेड वाफेवर पकडला जाईल. फिकट भिंतीपुढे वाफ दिसत नाही.

स्टीलच्या ताटवाट्यांत माझा चेहरा आणि कॅमेरा दिसतो. पोलरायझर फिल्टर घेऊ का?
– एक वाचक, ठाणे

त्यासाठी घेऊ नका. पोलरायझर काचेवरची आणि पाण्यावरची चमक कापतो, उघड्या धातूवर तो जवळजवळ निरुपयोगी आहे. धातूला जे दिसतं तेच तो दाखवतो, तेव्हा त्याला काय दाखवायचं ते आपण ठरवायचं. पांढऱ्या पुठ्ठ्याला लेन्सएवढं भोक पाडा आणि त्यातून फोटो काढा, म्हणजे वाटीत पुठ्ठ्याचा पांढरा रंग दिसेल. सगळीकडे पांढरंच झालं तर वाटी ॲल्युमिनियमसारखी मेलेली दिसते. म्हणून वाटीच्या कडेशी बोटभर रुंदीची काळी पट्टी धरा, त्याने काठाची रेघ उठते. धातूची चमक मारणारे स्प्रे मिळतात. ज्यातून कुणी जेवणार आहे त्या भांड्यावर मी ते मारत नाही.

आमच्या होमस्टेच्या पत्रकासाठी कोकम सरबताचा फोटो हवा आहे. ग्लासात ते सुरेख लाल दिसतं, फोटोत काळं येतं.
– एक वाचक, मालवण

सरबताचा रंग त्याच्या आरपार आलेल्या उजेडात असतो. पुढून लाइट मारलात तर काचेवर चमक येते, आतला रंग झोपलेलाच राहतो. मागून उजेड द्या. पण तुम्हाला मागे माडाची गडद झावळी किंवा जांभा दगड हवा असेल, तर मागे दिवा कुठे लपवणार?

त्याला एक जुनी युक्ती आहे. मिठाईच्या खोक्यातला चंदेरी पुठ्ठा घ्या. ग्लासपेक्षा सगळ्या बाजूंनी थोडा लहान, ग्लासच्याच आकाराचा तुकडा कापा. मागे खोक्याचाच एक पाय चिकटवून तो ग्लासामागे दोन बोटांवर तिरका उभा करा. दिवा मागच्या कोपऱ्यात बाजूला ठेवा, तिथून येणारा उजेड पुठ्ठ्यावर आपटून सरबतातून पुढे येईल आणि पुठ्ठा ग्लासाआड लपलेला राहील. तुकडा जरा फिरवला तरी रंग काळ्यावरून माणकासारखा होतो, म्हणून एकाने पुठ्ठा धरावा आणि दुसऱ्याने कॅमेऱ्यातून सांगावं. सरबत नेहमीपेक्षा थोडं पातळ करा. बर्फ शेवटी टाका. आणि हे सोलकढीला करू नका. ती नारळाच्या दुधाने अपारदर्शक असते, तिला मोदकासारखा बाजूचा उजेड लागतो.

आंब्याच्या पेट्यांसाठी गोदामातच छोटा स्टुडिओ केला आहे. उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही असं वाचून मुद्दाम तीच खिडकी निवडली. डिसेंबरात छान फोटो आले, पण ऐन हंगामात कडक ऊन आत येतं.
– एक बागायतदार, रत्नागिरी

तुम्ही वाचलंत ते युरोप-अमेरिकेसाठी बरंचसं खरं आहे. तिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला असतो. आपण कर्कवृत्ताच्या खाली राहतो. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवू लागतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ तुमच्या खिडकीत तिरपं ऊन येतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून तर रत्नागिरीत दुपारचा सूर्यही डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीला परततो. म्हणजे हापूसच्या हंगामातच तुमची खिडकी उन्हाची होते.

खिडकी बदलू नका. तिच्यावर धुतलेलं पांढरं धोतर दुहेरी करून चौकटीभर ताणून लावा. ऊन धोतरावर पडलं की खिडकी हाच मोठा सॉफ्टबॉक्स होतो, ढगाळ दिवसापेक्षाही सुंदर. जुनं धोतर पिवळटलेलं असतं आणि हापूसच्या केशरी रंगात तेवढा पिवळा मिसळला तर फळ जास्त पिकलेलं वाटतं. म्हणून आंब्याच्या जागी पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं अशी कॅमेऱ्यातली रंगजुळणी) लावून घ्या. गोदामाची भिंत हिरवी असेल तर त्या बाजूला काळा पुठ्ठा हवाच, नाहीतर आंब्याच्या सावलीकडच्या गालावर हिरवी झाक येते आणि गिऱ्हाइकाला वाटतं फळ कच्चं आहे. आंबा खिडकीपासून दोन फुटांवर ठेवा. चार फुटांवर नेलात तर खिडकी त्याला निम्मी दिसते आणि सावलीची कड पुन्हा टणक होते. सालीवरचे बारीक ठिपके नीट दिसले पाहिजेत. ते दिसत नसतील तर धोतराची एक घडी काढून बघा.