बाबागाडी आणि सरकता जिना

पोट्टं जरा मोठं झालं की बाबागाडी घेऊन मेट्रोनं फिरायची हौस येतेच, आणि यावीच. फक्त बाबागाडी सरकत्या जिन्यावर चढवू नकोस. उघडी तर अजिबात नाही, मूल आत असो वा नसो.

पायरीची खोली साधारण 40 सेंटीमीटर. पुढची-मागची चाकं तेवढ्यात एकत्र मावतच नाहीत, सगळा भार तुझ्या मनगटांवर. वर पोचताना पायऱ्या सपाट होऊन दातेरी पट्टीखाली शिरतात. तिथे पुढचं छोटं चाक अडलं की तू थांबतेस, पण मागच्या लोकांना जिना तुझ्या अंगावर आणतच राहतो.

लिफ्टनं जायचं, बस्स. सीताबर्डीला नागपूर मेट्रोच्या दोन्ही मार्गिका भेटतात, तिथे गाडी बदलायला वेळ हाताशी ठेव. धडधाकट लोक लिफ्टसमोर उभे असले तर बिनधास्त "जरा सरका" म्हण, लाजायचं काय त्यात? लिफ्ट बंद असेल तर स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला सांग. अगदीच सरकत्या जिन्यानं जावं लागलं तर बाळ तुझ्या कडेवर, घडी केलेली गाडी सोबतच्याच्या हातात, आणि तुझा एक हात कठड्याला. ओढणी खोचून घे. कडेच्या ब्रशवर लोक बूट पुसतात, बाप्पा! तो ब्रश पाय कडेपासून लांब राहावा म्हणून असतो.

चढण्याआधी जिना थांबवायचं लाल बटण कुठे आहे ते बघून ठेव. कोणी पडलंच तर आधी "कठडा धरा" ओरड, मग दाब, कारण जिना एकदम थांबतो.